हॉकीत थोर खेळाडू ठरवताना दुय्यम कौशल्यांना किती वजन द्यायचं?

उजवा_हाफ (म्हापसा)

मंडळी, काल संध्याकाळी पेडेच्या टर्फवरून परतताना आम्हा तिघांत वाद पेटला. म्हापशाच्या बाजारात चहा पिऊन झाला, दुकानं बंद व्हायला लागली, तरी तो मिटला नाही. म्हणून इथे मांडतो.

विषय असा: गेल्या काही वर्षांतला आपला सर्वांत मोठा खेळाडू कोण, बचावपटू हरमनप्रीत सिंग की मधल्या फळीतला हार्दिक सिंग? एका मित्राचं म्हणणं, पॅरिस ऑलिम्पिकला हरमनप्रीतने १० गोल केले, सगळ्या स्पर्धेत सर्वाधिक. कांस्यपदकाच्या सामन्यात स्पेनला २-१ हरवलं, दोन्ही गोल त्याचेच. मग बोलायचं काय उरलं? दुसऱ्याचं म्हणणं, २०२३ चा विश्वचषक आठव. इंग्लंडविरुद्ध हार्दिकचा स्नायू दुखावला, तो बाहेर बसला, आणि न्यूझीलंडविरुद्ध दोन गोलांची आघाडी हातात असताना आपण ३-३ वर आलो आणि शूटआउटमध्ये हरून बाहेर पडलो. मधल्या फळीतला एक माणूस नसला की काय होतं ते त्या रात्री दिसलं.

मला दोघांचंही पटत होतं, म्हणून मी गप्प बसलो. रात्री घरी येऊन विचार केला तेव्हा जाणवलं की दोघं वेगवेगळ्या मापाने मोजत होते. एक जण खेळाडूचं मुख्य काम मोजत होता, म्हणजे ज्यासाठी त्याला संघात घेतलं ते. दुसरा बाकीचं सगळं: चेंडू गेला की मागे धावणं, डाव्या हाताने पुढे वाकून टॅकल, पहिल्या स्पर्शातच चेंडू मोकळ्या बाजूला घेणं, दडपण आलं की ओव्हरहेड, म्हणजे डोक्यांवरून उंच चेंडू, टाकून संघाला श्वास घेऊ देणं, शेजारच्याला वेळेवर ओरडून सांगणं. या दुसऱ्या गोष्टींना गुणफलकावर रकाना नाही.

एक गोष्ट मात्र बघा. जागतिक महासंघाचा वर्षातील सर्वोत्तम पुरुष खेळाडूचा पुरस्कार ऑस्ट्रेलियाच्या जेमी ड्वायरने पाच वेळा घेतला, शेवटचा २०११ चा. त्यानंतरची नावं: फ्युर्स्टे, हाउके, नोल्स, व्हॅन डर हॉर्स्ट, डोहमेन, दोनदा व्हॅन डोरेन, २०१९ ला आपला मनप्रीत, मग हरमनप्रीत तीनदा आणि मध्ये २०२३ ला हार्दिक. सगळे मधल्या फळीतले नाहीतर बचावातले. ड्वायरनंतर २०२४ पर्यंत निव्वळ आघाडीच्या खेळाडूला तो मिळालेला नाही. व्हॅन डोरेन तर गोल करण्यासाठी ओळखलाच जात नाही. याचा अर्थ काय लावायचा?

मी एका शाळेच्या मुलांना शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी नुसता गप्पांचा नाही. त्याबद्दल नंतर लिहीन.

मांडवी_काठ (पणजी)

पुरस्कार मतांनी ठरतात, सामने गोलांनी. एवढं आधी मान्य करूया.

पाकिस्तानचा पेनल्टी कॉर्नरवाला सोहेल अब्बास, त्याचे ३४८ आंतरराष्ट्रीय गोल आहेत. त्याचं बचावाचं काम जगातल्या पहिल्या दहांत होतं असं त्याचे चाहतेही म्हणणार नाहीत. तरी पाकिस्तानने त्याला वर्षानुवर्षं खेळवलं, कारण समोरच्या संघाला त्याच्यामुळे स्वतःच्या डीमध्ये, म्हणजे गोलासमोरच्या अर्धवर्तुळात, चेंडूला पाय लावायचीही भीती वाटायची; तशी चूक झाली की पेनल्टी कॉर्नर, म्हणजे समोरच्याला गोलावर फटक्याची संधी. ती भीती हाच त्याचा बचाव होता.

टोकियो ऑलिम्पिकला बेल्जियमच्या हेन्ड्रिक्सने १४ गोल केले. त्यातले तीन उपांत्य सामन्यात आपल्याविरुद्ध. आपण ५-२ हरलो. त्या दिवशी त्याने किती टॅकल जिंकले हे कोणाला आठवतं का? पेयातचं बघा. रिओ २०१६ ला अर्जेंटिनासाठी ११ गोल आणि सुवर्ण. पुढे जर्मनीकडून खेळायला लागला, २०२३ ला भुवनेश्वरमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात पेनल्टी कॉर्नरवर हॅटट्रिक, आणि जर्मनी विश्वविजेता. दोन देश, दोन मोठी सुवर्णं, कौशल्य एकच.

पानात सुंगटांचं हुमण (कोळंबीची आमटी) उत्तम असेल तर कोशिंबिरीसाठी कोणी पंगतीतून उठत नाही. श्रेष्ठांची तुलना त्यांच्या श्रेष्ठपणानेच व्हावी. बाकी गोष्टी बरोबरी झाली तर बघाव्यात.

गोलजाळी (मडगाव)

मी सतरा वर्षं पॅड बांधून गोलात उभा राहिलो, गोव्यात आणि थोडा मुंबईत. म्हणून मांडवी_काठ यांच्या हुमणाला माझं उत्तर गोलातून.

पेनल्टी कॉर्नर मिळाला की बचावाला गोलरक्षक धरून पाचच जण असतात. बाकीचे मध्यरेषेपलीकडे. समोरून चेंडू ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास येणार. त्या पाचांतला एक जण, आम्ही त्याला पहिला रशर म्हणतो, चेंडू ढकलला गेला त्या क्षणी सरळ फ्लिकरच्या, म्हणजे गोलावर फटका मारणाऱ्याच्या, अंगावर धावतो. गुडघ्याला संरक्षक, तोंडावर जाळी, मांडीवर फटका बसणार हे ठाऊक. त्याने फ्लिकरची एक बाजू झाकली की गोलरक्षकाला उरलेली बाजूच बघायची असते. तो अर्धं पाऊल चुकला तर दोन्ही बाजू उघड्या. हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्यापुढे चांगला रशर होता त्या वर्षी लोक मला चांगला गोलरक्षक म्हणाले. तो नोकरीसाठी आखातात गेला आणि पुढच्या वर्षी मीच सुमार ठरलो. मी तोच होतो.

आता पॅरिस. उपांत्यपूर्व सामन्यात ब्रिटनविरुद्ध अमित रोहिदासला सतराव्या मिनिटाला लाल कार्ड. चाळीसहून अधिक मिनिटं आपण दहा जणांनी खेळलो, १-१ राखलं, शूटआउट ४-२ ने जिंकलं. गोलरक्षक श्रीजेश त्या दिवशी काय खेळला ते सगळ्यांनी पाहिलं. पण दुसरं बघा. रोहिदासची जागा भरायला मधल्या फळीचा मनप्रीत मागे आला. ज्याचं ते कामच नाही तो माणूस ऑलिम्पिकच्या बाद फेरीत बचावात उभा राहिला आणि भगदाड पडलं नाही. याला तुम्ही कोशिंबीर म्हणणार?

उपांत्य सामन्यात रोहिदासवर बंदी. आपला पहिला रशर बाहेर. जर्मनीची बरोबरी झाली ती पेनल्टी कॉर्नरवर, गोल पेयातचा. रोहिदास असता तर तो अडला असता असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही. पण त्या फ्लिकच्या वेळी गोलात उभं राहणं काय असतं ते मला माहीत आहे. सामना आपण ३-२ हरलो.

कुळागर

गोलजाळी यांना +१. रशरबद्दल असं कोणी लिहिलेलं पहिल्यांदाच वाचलं. देव बरें करूं.

मांडवी_काठ (पणजी)

गोलजाळी, तुमच्या अनुभवापुढे मी नमतो. पण तुम्ही दिलेलं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. पहिला रशर हे रोहिदासचं मुख्य कामच झालं ना? तो त्यात तरबेज आहे म्हणून संघात आहे. दुय्यम म्हणायचं तर त्याची ड्रॅगफ्लिक दुय्यम, कारण ती तो हरमनप्रीत मैदानात नसताना मारतो.

उजवा_हाफ (म्हापसा)

मांडवी_काठ, हा मुद्दा मला आवडला, आणि इथेच खरी गाठ आहे. पण निव्वळ फ्लिकरचं तुमचं गणित एका नियमापाशी अडतं.

हॉकीत खेळाडू कधीही बदलता येतो, कितीही वेळा. म्हणून वाटतं की फ्लिकरला बाकावर बसवायचं, कॉर्नर मिळाला की आत आणायचं, मारून झालं की बाहेर. तसं करता येत नाही. पेनल्टी कॉर्नर दिल्यापासून तो पूर्ण होईपर्यंत खेळाडू बदलायला बंदी आहे. अपवाद फक्त बचाव करणाऱ्या संघाचा गोलरक्षक जखमी झाला किंवा निलंबित झाला तर. म्हणजे शिट्टी वाजली त्या क्षणी तुमचा फ्लिकर मैदानात असलाच पाहिजे. आणि कॉर्नर कधी मिळेल हे कोणाला सांगून येत नाही.

त्यामुळे फ्लिकर जितकी मिनिटं मैदानात, तितकेच कॉर्नर त्याच्या वाट्याला. आणि तो मैदानात किती मिनिटं राहू शकतो हे त्याच्या फ्लिकवर ठरत नाही. दम, टॅकल, पास आणि जागा धरून उभं राहण्याची समज, यांवर ठरतं. ज्याला बचावात झाकावं लागतं त्याला प्रशिक्षक अवघड वेळी बाहेर घेणार, आणि नेमका तेव्हा कॉर्नर मिळाला तर फ्लिक दुसऱ्याची. हरमनप्रीत मला मोठा वाटतो तो इथे. तो आधी बचावपटू आहे. त्याला झाकायला दुसरा माणूस लागत नाही.

दुय्यम कौशल्य मुख्य कौशल्यात मिळवायची बेरीज नाही असं माझं मत होत चाललंय. ते मुख्य कौशल्याला मैदानात वेळ मिळवून देतं. शिवाय शेजारच्याच्या डोक्यावरचं ओझं किती उतरवतं तेही त्यात मोजायला हवं.

२०१२ आठवा. दिल्लीच्या ऑलिम्पिक पात्रता स्पर्धेत आपला फ्लिकर संदीप सिंगने १६ गोल केले, अंतिम सामन्यात फ्रान्सला ८-१ हरवलं त्यातले पाच त्याचे. काय दिवस होते ते! मी घरच्यांना बोलावून बोलावून दाखवत होतो. त्याच वर्षी लंडनला आपण सहाही सामने हरलो आणि बाराव्या म्हणजे शेवटच्या क्रमांकावर आलो.

मांडवी_काठ (पणजी)

नियमाचा मुद्दा मान्य, मी त्या बाजूने विचार केला नव्हता. पण लंडनचं खापर एका फ्लिकरच्या डोक्यावर फोडू नका. तो संघ डीपर्यंतच पोचत नव्हता. कॉर्नर मिळालेच नाहीत तर फ्लिकर काय करणार?

उजवा_हाफ (म्हापसा)

नाही, त्याच्यावर खापर नाहीच. तुम्ही म्हणता तेच मलाही म्हणायचं होतं, मांडणी माझी कमी पडली. एवढं मोठं मुख्य कौशल्य हाताशी असून ते वापरता येईल अशी परिस्थिती उरलेला संघ निर्माण करू शकला नाही.

चौथी_पट्टी (माशेल)

मी मुलींमध्ये खेळले, आधी शाळा, मग कॉलेज. या चर्चेत एक बाजू कोणी घेतलेली नाही म्हणून लिहिते, जरा लांबेल.

मी आघाडीला खेळायचे. डीमध्ये उलट्या स्टिकने फटका हीच माझी ताकद, बाकी मी साधारण. एका संघाच्या निवडीच्या वेळी मला सांगितलं गेलं, तू मागे परतत नाहीस, आधी ते शिक. मी शिकले. सहा महिने आग्वादच्या चढावर धावले. मग म्हणाले, तू आता छान परततेस, तुला राइट हाफला, म्हणजे मधल्या फळीत, खेळवतो. पुढे दोन वर्षं मी हाफ होते. धड हाफ नाही, धड फॉरवर्ड नाही. ज्या फटक्यासाठी मला घेतलं होतं तो मारायला मी डीमध्ये पोचायचेच नाही. तिसऱ्या वर्षी मी स्टिक ठेवली. अजून वाईट वाटतं.

सांगायचं हे की दुय्यम कौशल्यांचा आग्रह सगळ्यांना सारखा होत नाही. ज्याचं मुख्य कौशल्य ठळक आहे त्याला माफी असते. ज्याचं थोडं कमी ठळक, त्याला ‘अष्टपैलू’ म्हणून हवं तिथे बसवतात. मोठ्यांची तुलना करताना तुम्ही अष्टपैलूपण वर धरता, त्याचा खाली मैदानावर काय अर्थ लावला जातो तेही बघा.

वंदना कटारियाचं उदाहरण मला फार जवळचं आहे. टोकियोत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तिने हॅटट्रिक केली, ऑलिम्पिकमध्ये असं करणारी पहिली भारतीय महिला. आपण ४-३ जिंकलो आणि उपांत्यपूर्व फेरीची दारं उघडी राहिली. ती डीमध्ये योग्य जागी उभी राहायची, चेंडूला वाट दाखवायची. तिला कोणी हाफ केलं असतं तर तो सामना कोणी जिंकून दिला असता? आणि पुढच्याच सामन्यात ऑस्ट्रेलियाला १-० हरवलं ते गुरजीतच्या एका फ्लिकवर आणि सविताच्या गोलरक्षणावर. एकेका बाईने आपापलं एकच काम जीव तोडून केलं.

उजवा_हाफ सर, तुम्ही मुलांना शिकवता म्हणून तुम्हालाच विचारते. मुख्य आणि दुय्यम यात वेळ कसा वाटता?

बर्फावरून (टोरांटो)

नमस्कार. मूळचा डिचोलीचा, बावीस वर्षं कॅनडात. इथे हॉकी म्हटलं की बर्फावरची, आणि तुमचा हाच वाद इथे रोज चालतो, म्हणून राहवलं नाही.

वेन ग्रेट्स्कीचे ८९४ गोल हा विक्रम अढळ मानत होते. २०२५ च्या ६ एप्रिलला ओव्हेचकिनने ८९५ वा केला. मग ओव्हेचकिन मोठा का? इथे फार थोडे लोक तसं म्हणतात. कारण ग्रेट्स्कीने दुसऱ्यांना करून दिलेले गोल १९६३ आहेत. इथे गोल आणि असे पास मिळून खेळाडूचे गुण मोजतात. ग्रेट्स्कीचा एकही गोल धरला नाही, नुसते पास मोजले, तरी दुसऱ्या कोणाचेही एकूण गुण त्यापेक्षा कमी भरतात. त्याच्याबाबतीत पास हे मुख्य आणि गोल दुय्यम म्हणावं इतका तो पासमध्ये पुढे होता. बचावासाठी किंवा अंगावर जाण्यासाठी मात्र त्याचं नाव कधीच कोणी घेतलं नाही.

इथे अजून एक सोय आहे जी आपल्याकडे असावीशी वाटते. बचावाचं काम सर्वांत चांगलं करणाऱ्या आघाडीच्या खेळाडूला सेल्की ट्रॉफी नावाचा वेगळा पुरस्कार आहे. डॅटसुक नावाचा रशियन खेळाडू, हातात जादू, आणि त्याने तो तीनदा जिंकला. त्याचा खेळ बघताना वाटायचं की चेंडू, म्हणजे पक, हिसकावून घेणं हीच त्याची हल्ल्याची पहिली पायरी आहे. चौथी_पट्टी यांच्या दुखण्यावर हा थोडा उतारा आहे असं वाटतं. मागे परतण्याची कदर करायची, पण खेळाडूला त्याच्या जागेवर ठेवून.

जुनी_स्टिक (साखळी)

वय ७८. नातवाने टाइप करून दिलं आहे, शब्द माझे.

आमच्या काळी गवत होतं, आणि गवतही नावाला. बरंचसं लाल माती. चेंडू उसळायचा. त्या मैदानावर चेंडू थांबवता येणं हेच मुख्य कौशल्य होतं, बाकी सगळं त्यानंतर. १९७६ ला माँट्रियलच्या ऑलिम्पिकमध्ये कृत्रिम मैदान आलं आणि चेंडू थांबवणं सगळ्यांनाच जमायला लागलं. मग वेग मुख्य झाला. १९९० च्या दशकात ऑफसाइड काढून टाकला, तेव्हा डीमध्ये दबा धरून बसणारा मोठा झाला. हॉकी इंडिया लीगमध्ये २०१६ आणि २०१७ ला मैदानी गोलाला (कॉर्नरवरून नव्हे, खेळता खेळता केलेल्या) दोन गोल धरत, तेव्हा त्या स्पर्धेपुरता फ्लिकरचा भाव निम्म्यावर आला. खेळाडू तेच, कौशल्य तेच. नियम आणि मैदान बदललं की मुख्य आणि दुय्यम जागा बदलतात. म्हणून ध्यानचंद आणि आजचा कोणी, अशी तुलना मी करत नाही, कोणी करायला लागलं तर उठून जातो.

१९४८ ला लंडनला आपण ब्रिटनला ४-० हरवून सुवर्ण घेतलं. बलबीरसिंगांचे गोल सगळ्यांना पाठ आहेत. त्या संघाचा गोलरक्षक लिओ पिंटो मुळचा आपल्या गोंयचा, हे सांगितलं तर साखळीतली पोरं माझ्याकडे बघत राहतात. चार गोल केले हे लक्षात राहतं. शून्य खाल्ले, हे राहत नाही. केनियाचा संघ १९७१ च्या पहिल्या विश्वचषकात चौथा आला. नैरोबीच्या गोंयकारांनी त्या देशाची हॉकी उभी करायला हात लावला, ती गोष्टही अशीच विसरली गेली.

गोलजाळी (मडगाव)

जुनी_स्टिक आजोबा, शून्याचं तुम्ही लिहिलंत ते वाचून डोळ्यांत पाणी आलं. नातवाला आशीर्वाद.

टोकियोच्या कांस्यपदकाच्या सामन्यात आपण जर्मनीविरुद्ध १-३ वरून ५-४ वर गेलो. पण शेवटच्या काही सेकंदांत जर्मनीला कॉर्नर मिळाला होता. श्रीजेशने तो अडवला आणि ४१ वर्षांनी पदक आलं. त्याच्याबद्दल सगळे त्या अडवण्यावर बोलतात. मी सामना पुन्हा आवाज वाढवून बघितला. पूर्ण वेळ तो बचावपटूंना ओरडून जागा सांगत होता. कोणी डाव्या खांबाकडे, कोणी बाहेर, कोण मोकळा आहे. हा आवाज मी दुय्यम मानत नाही. गोलरक्षकाला पुढे तोंड करून सगळं मैदान दिसतं, बाकी दहा जणांना दिसत नाही. त्याचा आवाज म्हणजे त्या दहांचे डोळे.

मांडवी_काठ (पणजी)

दोन दिवस हा धागा वाचतोय आणि माझं मत थोडं सरकलं आहे, ते प्रामाणिकपणे लिहितो. मुख्य कौशल्यात दोघांत मोठं अंतर असेल तर दुय्यम गोष्टी बघायच्याच नाहीत, यावर मी ठाम आहे. पण जगातल्या पहिल्या दहा-पंधरांत ते अंतर फार थोडं असतं, आणि माझी ‘बरोबरी झाली तर’ ही अट तिथे जवळजवळ नेहमीच पुरी होते. म्हणजे अपवाद म्हणून जे म्हटलं होतं तेच नेहमीचं निघालं. चौथी_पट्टी यांचा अनुभव मात्र विसरू नये. अंतर मोठं असताना दुय्यमाचा हट्ट धरला की माणूस जातो.

हरमनप्रीत की हार्दिक? माझं मत अजून हरमनप्रीत. पण काल विचारलं असतं तर कारण म्हणून १० गोल सांगितले असते. आज म्हणेन की त्याला साठ मिनिटांतला बराच वेळ मैदानात ठेवता येतं, म्हणून ते १० गोल झाले.

उजवा_हाफ (म्हापसा)

चौथी_पट्टी ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर दोन दिवस टाळत होतो, कारण ते माझ्याच मुलांशी बांधलेलं आहे.

माझ्याकडे दोन मुलं आहेत, दोघंही दहावीत. एकाची फ्लिक त्या वयाच्या मानाने फार चांगली आहे, कोपऱ्यात खाली ठेवतो. चेंडू हातून गेला की मात्र उभा राहतो. दुसऱ्याचं कुठलंच अंग डोळ्यांत भरत नाही, पण तो ज्या बाजूला खेळतो त्या बाजूने आमच्यावर गोल होत नाही. तालुक्याच्या आंतरशालेय सामन्यांसाठी जागा एकच उरली आहे. मी महिनाभर पहिल्याला मागे पळवत होतो, शिक्षा म्हणून नाही, पण त्याला ती शिक्षाच वाटत होती हे आता कळतंय. तुमचा मजकूर वाचला त्या रात्री झोप लागली नाही.

काल त्याला पळवलं नाही. फ्लिकचा सराव नेहमीसारखा पूर्ण करून घेतला, सगळे पन्नास चेंडू. मग त्याला नियम सांगितला, शिट्टी वाजल्यावर मी तुला आत आणू शकत नाही, तू आधीपासून आत असलास तरच फ्लिक तुझी. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, सर, मी किती मिनिटं आत राहू शकतो? मी म्हटलं, सध्या वीस. त्याने विचारलं, चाळीस व्हायला काय करावं लागेल? आम्ही डाव्या हाताच्या टॅकलपासून सुरुवात केली. त्याने स्वतः मागितला म्हणून.

निवड शनिवारी आहे. आजच्या घडीला जागा दुसऱ्याची आहे, आणि ते मी दोघांना समोरासमोर बसवून सांगितलं आहे.

गोलजाळी, एक विनंती. या दुसऱ्या मुलाला पहिला रशर करावं असं मनात आहे. धीट आहे, पण धावण्याची रेषा चुकते, फ्लिकरच्या उजव्या बाजूला जातो. मला ते नीट शिकवता येत नाही. गुरुवारी सहा वाजता पेडेला येता येईल का? जाळी आणि गुडघ्याचे पॅड आमच्याकडे आहेत.

गोलजाळी (मडगाव)

येतो. फ्लिक मारायला त्या पहिल्या मुलालाच ठेवा.